भंडाऱ्यातले आबा

आमच्या घरात फोटो नव्हते. माणच्या दुष्काळी पट्ट्यात राहायचो. माझे वडील, आबा, मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर, पोटापुरतं मिळायचं तेच लय वाटायचं. फोटो काढायला कोण जाणार? म्हणून आबा गेल्यावर त्यांचं हलतं-चालतं असं एकच काही उरलं. मुंबईला कामाला असलेल्या चुलत्यानं बिरोबाच्या जत्रेत कॅमेऱ्यावर काढलेली कॅसेट. तिच्यात आबा ढोलावर गजी नाचतात, आम्हा धनगरांचा नाच.

मी घरातला पहिला पदवीधर. साताऱ्यात नोकरी, स्वतःचा कॉम्प्युटर. हे मी कुणी न विचारता सांगतो आणि सांगणारच. कॅसेट दुकानातून कॉम्प्युटरवर उतरवून आणली, तेव्हा आई म्हणाली, "माज्या फोनात घाल. शेरडामागं बसल्या बसल्या बघीन त्यास्नी."

पण फाईल एवढी दांडगी, की आईच्या फोनात मावेना. दाबून लहान करणं आलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये दर्जाचा एक आकडा असतो. आकडा वाढवला की फाईल लहान होते आणि चित्र बिघडतं. मी हात सैल सोडून वाढवला. ढोल सुरू होईपर्यंत सगळं झकास. मग लोकांनी भंडारा उधळला आणि आबांचे चौकोनी तुकडे झाले. हळदीचा कण न् कण वेगळा उडतो, तेवढं सगळं थोडक्या जागेत बसत नाही. कॉलेजात हे शिकवलं नव्हतं, माझं मी वाचून काढलं.

वाचतानाच चित्रातली खरखर, म्हणजे नको ते बारीक ठिपके, घालवायचा पर्याय सापडला. तो लावला. चित्र आरशासारखं, फाईलही लहान. खुशीत गावी गेलो, फाईल आईच्या फोनात घातली आणि फोन तिच्या हातात दिला. तिनं डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"आरं, भंडारा कुठाय?"

मी वाकून पाहिलं. सॉफ्टवेअरनं भंडाऱ्यालाच खरखर समजून झाडून टाकलं होतं.

"साफ केलंय आई, आबा नीट दिसावंत म्हणून."

"बिरुबाच्या दारात कोरडंच नाचत्यात व्हय तुजं आबा? त्या दिशी मिशा सुदीक पिवळ्या झाल्या हुत्या त्यांच्या. ह्ये कोण दुसरंच वाटतंय."

चुलीपाशी बसलेली थोरली बहीण हसली. "आगं, सायेब झालाय त्यो. सायबाला धूळ चालत न्हाई."

परत साताऱ्याला आलो. खरखरीचा पर्याय बंद केला, आकडा खाली आणला, वेग सगळ्यात सावकाश ठेवला. सुट्टीची अख्खी दुपार कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. फाईल आधीपेक्षा बरीच मोठी निघाली. ती घेऊन पुन्हा गावी गेलो, तर आईचा फोन लोकांनी पाठवलेल्या शुभ सकाळच्या फुलांनी गच्च भरलेला.

"ही फुलं काढू का?"

"काढ की! रोज येत्यात मेली."

काढली. आता आईच्या फोनात आबा नाचतात. भंडारा उडतो आणि त्यातून त्यांचा चेहरा ओळखू येतो.