इंग्रजी वाक्याखालची सही

इंग्रजांच्या म्हणी मला आवडायच्या, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल, इंग्रजी येत नाही म्हणून हा गृहस्थ चिडलाय. मला इंग्रजी येतं. रत्नागिरीकडून आयटीआय करून आलो तेव्हा येत नव्हतं, इथे बावीस वर्षांत आलं.

उम्म अल कुवैनला आमचं लोखंडी टाक्या बनवण्याचं यार्ड आहे आणि मी तिथे फोरमन. माणसं दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पमधून बसने येतात. काम सुरू होण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांना उभं करून आजच्या कामात धोका कुठे आहे ते सांगायचं, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. सांगून झालं की एक शीट फिरते. वर विषय, खाली प्रत्येकाची सही. सही म्हणजे, मला सांगितलं आणि मला कळलं. सगळ्यात शेवटी दुभाष्याची सही. ती माझी, कारण सेफ्टी ऑफिसर इंग्रजीत बोलतो आणि मी ते हिंदी-मराठीत सांगतो.

मागच्या वर्षी नवा सेफ्टी ऑफिसर आला. मराठी घरातला, पण जन्म, शाळा सगळं इथलंच. मला काका म्हणायचा आणि पुढचं सगळं इंग्रजीत. मुलगा वाईट नव्हता. रोज तेच ते धोके ऐकून माणसं जांभया देतात, हे त्याच्या लक्षात आलं. शाळेत त्याच्याकडून इंग्रजी म्हणी पाठ करून घेतल्या होत्या, म्हणून त्याने रोज एक म्हण सांगायला सुरुवात केली. फळ्यावर लिहायची, तीच शीटवर विषय म्हणून लिहायची. घाईबद्दल, आळसाबद्दल, कष्टाच्या फळाबद्दल. मीही रंगात येऊन सांगायचो. सफरचंदाची म्हण झाली त्या दिवशी मागून एकाने विचारलं, मेसमध्ये देणार का? लवकर निजण्याची झाली तेव्हा मात्र कुणी हसलं नाही, कारण कॅम्पवरून बस पहाटे साडेचारला सुटते.

मॅनेजर खूश होता. धोका सांगायला दहा मिनिटं लागतात, म्हण दोन मिनिटांत होते.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. या म्हणी नेहमी वरून खाली येतात. सबुरीची म्हण मॅनेजरला कोणी ऐकवत नाही. ती जूनमध्ये पत्रा हाताला चटके देत असताना पत्रा धरणाऱ्याला ऐकवतात, आणि ऐकवणारा एसी केबिनकडे परत जातो. मी तर त्या भाषांतर करून, वर हातवारे करून ऐकवत होतो. त्याची लाज आजही वाटते.

एका सकाळी म्हण सावधपणाची होती. तीन नंबरच्या शिडीच्या एका पायाचं रबर गेलंय, हे मी आदल्या दिवशी पाहिलं होतं. टॉकमध्ये सांगू असं ठरवलं होतं. पण दोन मिनिटांत म्हण संपली, शीट फिरली, क्रेन गेटवर येऊन हॉर्न वाजवायला लागली आणि मी तिकडे धावलो. दहाच्या सुमाराला आमचा एक वेल्डर, साताऱ्याकडचा, तिशीतला, त्याच शिडीवरून खाली पडला. मनगट दोन ठिकाणी मोडलं.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. ऑफिसरही तिथेच बसला होता. टेबलावर त्या सकाळची शीट, त्यावर वेल्डरची सही, आणि शेजारी टाइप केलेला रिपोर्ट. त्यात लिहिलं होतं, कामगाराला धोका त्याच्या भाषेत समजावला होता, त्याने दुर्लक्ष केलं. खाली दुभाष्यासाठी रिकामी जागा. मी सही केली की चूक वेल्डरची ठरणार होती आणि व्हिसा कॅन्सल होऊन तो प्लास्टरसकट घरी जाणार होता.

"साइन करो, खलास," मॅनेजर म्हणाला. "टॉपिक देखो. सावधानी का ही था."

मी म्हटलं, "सर, उसमें सीढ़ी का एक शब्द नहीं था."

यावर त्याने मला समजावलं की म्हणीत सगळंच येतं, ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं असतं. मला इतका राग आला की कानशिलं तापली. सगळं येतं म्हणूनच तर ती तीन नंबरच्या शिडीबद्दल काहीच सांगत नाही. माणूस पडला की मात्र शहाणपण आमचं आणि चूक त्याची, एवढं त्यातून बरोबर निघतं.

मग त्याने माझ्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल कधी आहे ते विचारलं. दोन महिन्यांवर होतं, आणि ते त्याला माहीत होतं. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. मुलीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष डोळ्यांसमोर आलं. पण पेन मी उचललं नाही.

"लिखो कि फोरमन ने सीढ़ी देखी थी और बोला नहीं," मी म्हटलं. "मेरा नाम डालो. उसका काटो."

मॅनेजर बराच वेळ ओरडला. पण रिपोर्टमध्ये कुणाचं तरी नाव लागतंच, आणि मी आपणहून दिलं होतं. आठवड्याभरात वेल्डर प्लास्टर घातलेल्या हाताने स्टोअरमध्ये हलक्या कामाला लागला, आणि माझं वॉर्निंग लेटर आलं. रिन्यूअलचं बघू, असं तोंडी कळवलं. अजून बघतायत.

लेटर इंग्रजीत होतं. मला ते वाचता येतं, पण कामगाराला त्याच्या भाषेत समजावल्याशिवाय द्यायचं नाही, असा कंपनीचाच नियम. ते काम ऑफिसरकडे आलं. माझ्यासमोर उभा राहून तो वर्षात पहिल्यांदा आख्खं मराठी वाक्य बोलला, चाचपडत. "काका, यात लिहिलंय, शिडी खराब होती. तुम्ही पाहिली, आणि बोलला नाहीत."

"खरं आहे," मी म्हटलं. "आणि तुम्ही?"

"माझं नाव यात नाही."

"दुभाष्याच्या जागेवर येईल. करा सही."

त्याचे कान लाल झाले. त्याने सही केली. मग मी कागद माझ्याकडे ओढला. वर्षभराच्या सगळ्या शीट चाळल्या तरी शिडी हा शब्द लिहिलेला कागद तो एकच होता. त्याखाली मी सही केली.