वडिलांचा व्यवसाय

मी निर्णा गावच्या मराठी शाळेत शिकवत होते. एकदा जंगलातून बंदूक टाकून शरण आलेला एक माणूस मुलीला पहिलीत घालायला आला. सोबत साध्या कपड्यांतला फौजदार होता. तो कितीतरी वर्षं याच माणसाच्या मागावर फिरला होता.

अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आला, तसं बापानं फौजदाराकडे पाहिलं.

फौजदार म्हणाला, "शेतकरी लिवा, बाई. सरकारनं जमीन दिलीय, नांगरायलाय आता."

"नीट जमत न्हाई अजून," बाप लाजत म्हणाला.

"जमंल की. मी शिकवायलोय न्हवं?"

दोघंही हसले. मी 'शेतकरी' लिहिलं. बंडखोरांशी सरकारनं कसं वागावं यावर भाषणं पुष्कळ ऐकली होती, पण मला पटलं ते हेच. पुढच्या हंगामात त्या बापानं शाळेला आपल्या शेतातल्या तुरीच्या शेंगा आणून दिल्या.