दाराकडे पाहणारा कुत्रा

केशोरी गावच्या जनावरांच्या दवाखान्यातला, जखमा बांधणारा तो ड्रेसर माणसांशी कधी गोड बोलला नाही. दिवसभर बैल-शेळ्या धरून त्याचे खांदे भरून आलेले असायचे.

माझ्या म्हाताऱ्या, दुखण्याने विव्हळणाऱ्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन द्यायचं ठरलं, तेव्हा मला बघवेना म्हणून मी व्हरांड्यात आलो. ड्रेसर मागोमाग आला.

"काऊन पळून आले जी? तो दाराकडेच पाहून राहिला ना! डॉक्टरले थांबवून ठेवलं मी."

मी आत गेलो. कुत्र्याने माझ्या हातावर डोकं टेकलं आणि कण्हणं थांबवलं.

इंजेक्शन झालं, कुत्रा गेला, तरी मला त्याच्याजवळून उठवेना. ड्रेसर आमच्याकडे पाठ करून दारात उभा राहिला आणि बाहेरच्या रांगेला थकल्या आवाजात म्हणाला, "थांबा जरासे. आतलं अजून व्हायचं हाये."