मानेसाठी दिलेली गोळी

दोन वर्षांपूर्वी एरंडोलहून येताना आमची मोटरसायकल खड्ड्यात आदळली. मी मागे बसले होते. पडले नाही, पण मान जोरात मागे झटकली गेली. दीड महिना पट्टा लावला. एक्स-रेच्या फोटोत हाड नीट दिसलं, दुखणं मात्र राहिलं. भाकरी थापताना कानामागून खांद्यापर्यंत आग उतरायची. घरात कोणी मला खोटं ठरवलं नाही. "फोटोत तर काही नाही," एवढंच म्हणायचे. मी भाकऱ्या थापत राहायचे.

शेवटी धुळ्याला देवपुरात एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "जखम भरली आहे. पण इतके दिवस दुखून दुखून मेंदूला दुखण्याची सवय लागली. दुखणं आवरणारी रसायनं मेंदूतच असतात, ती तुम्हाला पुरी पडत नाहीत. ही गोळी त्यांना मदत करेल."

"म्हणजे दुखणं खरं नाही?" डॉक्टरला मी पहिल्यांदाच काही विचारलं.

"अगदी खरं आहे," त्या म्हणाल्या. हीच गोळी उदास माणसांनाही देतात, पण तुम्हाला मानेसाठी आहे, आणि ती मनाने एकदम बंद करायची नाही, असंही त्यांनी बजावलं.

चौथ्या आठवड्यात मुलीची वेणी घालायला माझे हात वर गेले. मुलगी मागे वळून बघतच राहिली.

गोळ्या संपल्या तेव्हा आमचे हे आणायला गेले. मेडिकलवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, घरात डिप्रेशन कोणाला आहे?" मागे आमच्या नात्यातला एक जण उभा होता. त्याच आठवड्यात साक्रीचे पाहुणे मुलीला बघायला यायचे होते.

यांनी पाकीट माझ्या हातात दिलंच नाही. खिशात ठेवलं.

"आईच डोक्याच्या गोळ्या खाते असं कळलं तर पोरीला कोण करून घेईल? पाहुणे येऊन जाऊ दे."

"अहो, ती मानेची आहे."

"मला माहीत आहे. लोकांना कोण सांगत बसणार?"

मी पाकीट परत मागितलं नाही. मुलगी माझीही आहे. पाच दिवसांत चक्कर येऊ लागली, डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, आणि मान पहिल्यासारखी झाली.

पाहुणे आले. बसच्या धक्क्यांनी मुलाच्या आईच्या कंबरेत उसण भरली होती, त्यांना नीट बसताही येईना. हे उत्साहाने बोलून गेले, "आमची ही पायाळू आहे." मी जन्मताना पायांकडून आले, म्हणून उसण भरलेली माणसं माझा पाय पाठीला लावून घ्यायला येतात. पण होणाऱ्या विहीणबाईंना पाय लावायचा म्हणजे! मी दारातच थिजले.

त्या मात्र हसून अहिराणीत म्हणाल्या, "लावा अक्का पाय! सोयरीक व्हवाना पहिलेच मी लाथ खाई लेस. मंग तुमनी हिंमत व्हई का?"

सगळे हसले. त्या गोधडीवर पालथ्या झोपल्या. मी भिंत धरून तीनदा पाय लावला. खाली बघायला मान वाकवावी लागत होती. तिसऱ्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली, पण भिंत सोडली नाही. मग पाय लावला म्हणून त्यांच्या पाया पडले. वाकताना पुन्हा तीच अंधारी.

"हलकं वाटस," म्हणत त्या उठून बसल्या. चहा व्हायच्या आत सोयरीक जमली.

ते गेल्यावर मी यांना विचारलं, "आता चालू करू गोळी?"

"साखरपुडा होऊ दे. त्या आता चार घरी सांगतील, माणसं पाय लावून घ्यायला येतील. कोणी पाकीट पाहिलं तर?" मग हळूच म्हणाले, "फार दुखतं का?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी ते लगेच मानलं. दोन वर्षांत माझ्या मानेबद्दल मी सांगितलेलं दुसरं काही कोणी इतक्या पटकन मानलं नव्हतं.

साखरपुड्याला अजून दीड महिना आहे. डॉक्टरीणबाईंना फोन करावा असं रोज मनात येतं. पण गोळी का बंद केली असं विचारलं तर त्यांना सांगू काय, तेच सुचत नाही.