नातलग नसलेलं क्रियापद

भिंगारात इंग्रजी फाडफाड बोलणारे पुष्कळ सापडतील, पण एका इंग्रजी क्रियापदापायी म्हातारा झालेला माणूस एकच, आमच्या शेजारचे सर. ते क्रियापद म्हणजे 'कीप'. शाळेतून निवृत्त झाले तरी कीपनं त्यांना सोडलं नाही. शब्द पाळायला कीप, कोंबड्या पाळायलाही कीप, दुकान चालवायला कीप, गप्प बसायलाही कीप! भाजीवाल्या मावशींना एकदा त्यांनी विचारलं, "मेथी उद्यापर्यंत राहील का?" त्या म्हणाल्या, "ऱ्हाईल की." झालं! "या राहण्यालासुद्धा कीपच म्हणतात, बरं का!" मावशी वैतागल्या, "सर, आदी पिशवी धरा. मला लई आळ्या हिंडायच्या हायेत."

बायको गेली तरी सर चहा दोनच कप टाकायचे आणि दुसऱ्या कपाला गिऱ्हाईक शोधत फाटकात उभे राहायचे. चहा फुकट, पण सोबत कीपचं कूळ ऐकावं लागे. "मूळ अर्थ पकडणं, ध्यास धरणं. पण आला कुठून, पत्ता नाही! पंडितांनी जर्मनात शोधलं, डचात शोधलं. चुलत नाही, मावस नाही. एकटा जीव!" हे सांगताना त्यांचा आवाज उगाच खाली यायचा. लोक मात्र कप रिकामा करून सटकायचे. मीही सटकायची, खोटं कशाला बोलू?

एका भाऊबीजेला मी गच्चीवर चंद्राला ओवाळत होते. मला भाऊ नाही. आमच्या दोन्ही घरांची गच्ची एकच, सर तिथं वाळलेले कपडे काढायला आले होते.

"चुलतभाऊही नाही?"

"नाही हो."

"म्हणजे तुम्हीसुद्धा कीपच की, बाई!" म्हणाले आणि परत दोरीकडे वळले.

"बसा," मी म्हटलं. टाकीच्या कट्ट्यावर बसवलं, डोक्यावर त्यांचाच रुमाल टाकला आणि ओवाळलं. ओवाळणीसाठी त्यांनी गडबडीनं खिशात हात घातला, तर निघाले कपड्यांचे दोन चिमटे! तेच त्यांनी गंभीरपणे तबकात ठेवले. दुसऱ्या दिवसापासून "अगं ताई, चहा!" अशी हाक भिंतीवरून येऊ लागली. दुसरा कप माझा झाला, कीपसकट.

यंदा श्रावणात सर गेले. भाऊबीजेला मी सवयीनं तबक घेऊन गच्चीवर गेले. बीजेची कोर दिसत होती, पण हात काही उचलेना. चंद्राला ओवाळायचं ते भाऊ नसलेल्या बाईनं. मला भाऊ होता. तबकात ते दोन चिमटे तसेच होते. निरांजन विझेपर्यंत टाकीच्या कट्ट्यावर बसले आणि खाली आले.