पुढचं पान वाचा, सर

"थांबा. आधी शब्द बराबर करा."

एवढं म्हणायचं, हातातलं फडकं खांद्यावर टाकायचं आणि उजव्या हाताचं एक बोट वर करायचं. मग समोर मुख्याध्यापक असोत, तपासणीला आलेले साहेब असोत, नाहीतर अकरावीतलं पोरगं असो. बोट सगळ्यांसाठी एकाच उंचीवर जायचं. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते ते. काचेच्या नळ्या धुणे, टेबलं पुसणे आणि शाळेत काही कार्यक्रम असला की खुर्च्या मांडून माईक लावणे, हे त्यांचं काम. सगळे त्यांना मामा म्हणायचे. शाळेतल्या शिपायाला, परिचराला मामा म्हणायची पद्धत तुम्हीही पाहिली असेल. मामा म्हटलं की मान दिल्यासारखं होतं आणि नाव लक्षात ठेवायची कटकट उरत नाही.

हे लिहितानाच माझं डोकं तापायला लागलंय. मराठीचा शिक्षक आहे, वाक्यं सांभाळायचा प्रयत्न करीन. नाही सांभाळली गेली तर समजून घ्या.

मामांशी माझी ओळख भांडणानंच झाली. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता मी बोलून गेलो, "सौंदर्य काय आणि खरंखोटं काय, सगळं सापेक्षच हो. विज्ञानानंसुद्धा तेच सांगितलंय." मामा कपबशा उचलत होते. झालं, बोट वर.

"थांबा सर. आधी शब्द बराबर करा. सापेक्षतावाद म्हंजे ज्याचं त्याचं खरं, असं न्हाई. बिलकुल न्हाई. तुम्ही जाग्यावर उभे ऱ्हा का गाडीत बसून पळा, उजेडाचा वेग दोघांलाबी सारखाच मोजून येतो. ते एक पक्कं धरलं म्हणून तर वेळ आन् लांबी हलतात. कुणाचीच भीड न ठेवणारी एक गोष्ट हाये, तिच्यापायी सगळा खेळ हाये."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? परिचरानं चारचौघांत चूक काढली म्हणून राग आला. मी खवचटपणे विचारलं, "म्हणजे मामा, आमचं घड्याळ हळू चालतं की काय?"

"चालतं ना. तुमच्या मोबाईलला रस्ता दाखवणारे उपग्रह हायेत, त्यांची घड्याळं आपल्या घड्याळाशी जुळवून घ्यावी लागतात. न्हाई जुळवली तर तुम्ही अंबडला निघाल आन् कुणाच्या तरी बागेत शिराल."

सगळे हसले. मी पण हसलो, उशिरानं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन म्हटलं, "मामा, ते पुन्हा सांगा." मग जातच राहिलो.

आता ऐका. आमच्याकडे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा वर्षानुवर्षं रिकामी. वेळापत्रकात त्या तासापुढे नावाचा रकाना कोरा. पण तास व्हायचे! मामा घ्यायचे. कसलाही कागद नाही, आदेश नाही, काही नाही. पोरं पास व्हायची, काही इंजिनिअरिंगला जायची, आणि मग शाळेच्या फाटकावर त्यांच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागायचा. त्याच्यावर मुख्याध्यापकांचा फोटो, अध्यक्षांचा फोटो, दोन-चार अशा लोकांचे फोटो की ज्यांनी प्रयोगशाळेचं दार कधी पाहिलं नसेल. फ्लेक्स बांधायला शिडीवर कोण चढायचं? मामा.

शिकले कुठे म्हणाल, तर शाळेच्याच कपाटातल्या पुस्तकांवर. शेजारी शब्दकोश ठेवून इंग्रजी वाचायचे. कुठपर्यंत कळतं आणि कुठून कळत नाही हे त्यांना नेमकं माहीत होतं. "वेगाचं गणित मी स्वतः करून बघितलं. गुरुत्वाकर्षणाच्या मोठ्या समीकरणापाशी माझी गाडी थांबती. तिथून पुढचं मी वाचलेलं सांगतो, आन् वाचलेलंच हाये असं सांगून सांगतो." आमच्या स्टाफमध्ये असं म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मी स्वतः म्हटलेलं नाही.

पण त्यांचा जीव अडकला होता वर्महोलमध्ये. पुस्तकात त्याला कृमिविवर म्हणतात. मामा म्हणायचे अळीचं भोक. आमच्या गावाला तिन्ही बाजूंनी मोसंबीच्या बागा, म्हणून उदाहरण मोसंबीचंच. सालीवर देठापाशी पेनानं एक टिंब काढायचे, बरोबर उलट्या टोकाला दुसरं.

"मुंगीला इथून तिथं जायचं तर सालीवरून अर्धा फेरा. अळी जाती आतून, सरळ. आपण मुंग्या हाओत. उजेडबी सालीवरूनच चालतो, म्हणून ताऱ्यापर्यंत जायला त्यालाबी वर्षं लागतात. असं भोक भेटलं तर उजेडापेक्षा जोरात न पळताच आपण सालीवरच्या उजेडाआधी पोहोचू." आणि लगेच बोट वर. "पण हे उदाहरण अर्धं खोटं हाये. मोसंबीला आत गर ऱ्हातो, अवकाशाला तसा गर न्हाई. ध्यानात ठेवा."

एकदा पालकसभेला आलेल्या एका बागायतदारानं हे ऐकलं आणि म्हणाला, "मामा, अळी पडलेली मोसंबी कोणी घेत न्हाई."

मामा खूश झाले. "बराबर बोलले. निसर्गालाबी ती चालत न्हाई. तुम्ही विहीर खांदली असंल. भुसभुशीत मातीत काय होतं?"

"ढासळती."

"हे भोकबी तसंच. उजेड एका तोंडानं शिरून दुसऱ्या तोंडानं निघायच्या आत मिटून जातं, असं गणित सांगतं. उघडं ठेवायचं तर विहिरीला टाकतो तशी आतून रिंग पाहिजे. आन् रिंग साध्या मालाची चालत न्हाई. शून्यापेक्षा कमी ऊर्जेचा माल पाहिजे."

"कुठं भेटतो?"

"चिमूटभर प्रयोगात दिसतो म्हणतात. माणूस जाईल एवढा अजून कुणालाच भेटला न्हाई."

"मंग हे भोक हाये का न्हाई, ते सांगा ना!"

"गणितानं मंजुरी देली. निसर्गाची सही बाकी हाये."

तो बागायतदार पुढे भेटेल तेव्हा विचारायचा, "मामा, झाली का सही?" आणि मामा तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "न्हाई अजून."

मामांचं निवृत्तीचं वर्ष आलं. एवढ्या नोकरीत त्यांनी शाळेकडे काही मागितलं नव्हतं. त्या वर्षी एक मागितलं. विज्ञान दिनाला वर्महोलवर एक व्याख्यान द्यायचं आणि निमंत्रणपत्रिकेत वक्ता म्हणून नाव छापायचं. बस्स, एवढंच. मुख्याध्यापक म्हणाले, "का नाही? लिहून आण, मी नजरेखालून घालतो." मी मामांना तुम्ही म्हणायचो, मुख्याध्यापक तू म्हणायचे. मामा त्यांच्यापेक्षा वयानं मोठे.

मामांनी बारा पानं लिहिली आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणली. लाल पेनानं मी काही वेलांट्या दुरुस्त केल्या, बाकी हात लावावा असं काही नव्हतं. बाराव्या पानावर पहिलंच वाक्य होतं: "आतापर्यंत सांगितले ते शक्य आहे; ते खरोखर आहे, असे मात्र अजून कोणी पाहिलेले नाही." मामा म्हणाले, "सर, वेळ कमी पडला तर मधली पानं गाळीन. हे पान गाळायचं न्हाई. हे न्हाई वाचलं तर बाकीचं सगळं खोटं होतं."

मामींनी टेंभुर्णीहून बहिणीला बोलावून घेतलं. नवरा खुर्च्या मांडतो हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. खुर्चीत बसलेला बघायचा होता.

पत्रिका आदल्या दिवशी आली. प्रमुख वक्ते म्हणून संस्थेच्या अध्यक्षांचे भाचे, शहरात शिकवणीचे वर्ग चालवतात ते. मामांचं नाव कुठेही नव्हतं. मी पत्रिका घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. म्हटलं, "सर, मामांचं ठरलं होतं ना?"

"अहो, परिचर व्याख्यान देणार म्हटल्यावर संस्थेची शोभा काय राहील? आणि शिवाय…" ते थांबले आणि माझ्याकडे घरच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "तुम्हाला तर माहीतच आहे."

मला माहीत होतं. मुख्याध्यापक आणि मी एकाच जातीचे, मामा बौद्ध. त्या 'माहीतच आहे'चा अर्थ एवढाच होता आणि तो मला सांगताना त्यांना बिलकुल लाज वाटली नाही, कारण मी त्यांच्यातलाच होतो. मी काय केलं? "हं" म्हटलं आणि बाहेर आलो. आज त्या 'हं'साठी स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी मामांनी नेहमीसारख्या खुर्च्या मांडल्या, माईक लावला. मामी आणि त्यांची बहीण बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेत येऊन बसल्या. नाव छापलं नाही हे मामांनी त्यांना सांगितलं नव्हतं की सांगूनही त्या आल्या होत्या, कोण जाणे. सूत्रसंचालन माझ्याकडे. सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, फोटो. मग पुढचा पाहुणा, शाल, नारळ, फोटो. अकरा जणांचे सत्कार! मामा माईकच्या मशीनपाशी उभे होते. मला हळूच म्हणाले, "जड वस्तूपाशी घड्याळ हळू चालतं, सर. स्टेजकडं बघा." त्या अवस्थेतही ते मला हसवत होते.

शेवटी भाचेसाहेब उठले. त्यांनी खिशातून कागद काढले, आणि मला लांबूनच लाल शाई दिसली. माझी लाल शाई. मुख्याध्यापकांनी 'नजरेखालून घातलेली' ती बारा पानं! अहो, मोसंबीसुद्धा आणली होती त्यांनी. मुंगी, अळी, विहीर, रिंग, सगळं मामांचं, एकही शब्द बदललेला नाही. मी मामांकडे बघितलं. ते मान डोलवत ऐकत होते. वाचन बरोबर चाललंय ना, एवढंच बघत होते. चोरीचं त्यांना काही वाटलंच नाही, की वाटूनही गिळलं, मला आजही सांगता येत नाही.

अकरावं पान संपलं. भाचेसाहेबांनी कागदांची घडी घातली आणि आवाज चढवला. "तर मित्रहो, विज्ञानानं आज सिद्ध केलंय, वर्महोल आहेत! आणि आपले पूर्वज याच मार्गानं तिन्ही लोकी जात होते!"

टाळ्या कडाडल्या. त्या थांबायच्या आत मशीनपाशी बोट वर गेलं.

"पुढचं पान वाचा, सर."

"काय?"

"तुमच्या हातात बारा पानं हायेत. अकरा झाली. बारावं ऱ्हायलं, ते वाचा."

भाचेसाहेबांनी घडी उघडली, शेवटचं पान पाहिलं, मनातल्या मनात वाचलं आणि पुन्हा घडी घातली. सभेत कुजबुज सुरू झाली. मुख्याध्यापक स्टेजवरून ओरडले, "ए, तू माईक बघ! मध्ये बोलायचं काय काम तुझं?"

मामांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. चार पावलांवर होतो मी. दुसरा माईक माझ्या हातात होता, चालू होता. ही पानं यांनी लिहिली आहेत, यांचं नाव अमुक, एवढी दोन वाक्यं म्हणायची होती. बायकांच्या शेवटच्या रांगेत मामी उभ्या राहिल्या होत्या.

मी म्हणालो, "यानंतर आभारप्रदर्शन."

मामी बहिणीला घेऊन निघून गेल्या. मामांनी कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळल्या, खुर्च्या रचल्या. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात व्यत्यय आणल्याबद्दल त्यांच्याकडे खुलासा मागितला गेला. त्यांनी एका ओळीत दिला: "व्याख्यानाचे एक पान वाचायचे राहिले होते, ते लक्षात आणून दिले." नोकरीच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ ठेवला होता. मामांनी प्रयोगशाळेतल्या एकूणएक वस्तूची यादी करून, किल्ल्या टेबलावर ठेवून, दुपारच्या एसटीनं मामींचं माहेर, टेंभुर्णी, गाठलं ते कायमचं. शाल पुढच्या पाहुण्याला उपयोगी पडली. भौतिकशास्त्राची जागा अजून रिकामीच आहे, आणि आता तास होत नाहीत.

मागच्या महिन्यात मी हे सगळं लिहून काढलं. जालन्याला एसटी बदलून टेंभुर्णीला गेलो आणि कागद मामांच्या हातात ठेवले. अंगणात बसून त्यांनी शांतपणे वाचले. मामींनी चहा आणून दिला, माझ्याशी बोलल्या नाहीत. मामांनी पेन्सिल मागितली. एक-दोन ठिकाणी शास्त्राच्या चुका दुरुस्त केल्या. मग पहिल्या पानावर परत गेले आणि जिथे जिथे मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं होतं तिथे तिथे रेघ मारत गेले.

मी म्हटलं, "मामा, नाव तरी राहू द्या. त्याच्यासाठीच तर लिहिलंय सगळं."

"न्हाई, सर." आवाज चढला नव्हता. "तुमच्या हातात माईक होता, तवा घ्यायचं होतं."

कागद त्यांनी माझ्या मांडीवर ठेवले आणि ते आत गेले. नाव मी लिहिलेलं नाही.