आईला सांगायचं राहिलं नाही

मी बाप्तिस्मा घेतला त्याच महिन्यात कसबा बावड्यात माझं क्रियाकर्म झालं. त्या वेळी मी कोल्हापुरात मिशनच्या शाळेत मुलांकडून दिडकीचा पाढा म्हणून घेत होतो. पंचांनी वडिलांना सांगितलं होतं, पोरगा मेला असं धरा, नाहीतर तुमच्या घरचं पाणी बंद. वडिलांनी गवताचा पुतळा नदीकाठी जाळला, माझ्या नावानं घागर फोडली आणि दहाव्याला पिंड ठेवला. पिंडाला कावळा शिवेना. उन्हं डोक्यावर येईपर्यंत वाट पाहून शेवटी दर्भाचा कावळा करून लावला. हे सगळं थोरल्या भावानं मला पुढं सांगितलं. आम्ही त्याला दादा म्हणायचो.

पुढं वडील खरोखरच गेले. मला कुणी कळवलं नाही. मेलेल्याला कोण कळवतो?

त्यानंतर रविवारची उपासना आटोपली की मी बावड्याला चालत जाऊ लागलो. घरात पाऊल टाकायची सोय नव्हती, गोठ्यापलीकडं बांधावर बसायचो. आईनं पंचांपुढं शब्द दिला होता की माझ्याशी बोलणार नाही, आणि दिलेला शब्द मोडणारी ती बाई नव्हती. म्हणून ती म्हशीशी बोलायची.

"म्हशे, इच्यार त्येला, जेवून आलाय का तसाच आलाय?"

"जेवून आलोय," मी म्हशीकडं बघून सांगायचो.

"वाळलाय किती बघ. त्येची बायकू भाकरी करती का नुसती गाणी म्हंती?"

दादा गुऱ्हाळाकडून यायचा, हातपाय राखेनं माखलेले. तो मला मुद्दाम परक्यासारखी हाक मारायचा. "या पावणं, बसा. आज काय आणलंय, सोर्ग का नरक?"

मी हसायचो, पण मला खरंच तेच बोलायचं असे. ज्या माउलीनं मला चालायला शिकवलं तिला मी जी वाट सापडली ती दाखवू नये, हे मला जमण्यासारखं नव्हतं. माझी समजूत तेव्हा होती तीच आज आहे. माणूस आपल्या पापाची भरपाई आपण करू शकत नाही. देवाच्या पुत्रानं ती क्रुसावर केली. माणसानं आपलं पाप कबूल करायचं, त्याच्यापासून वळायचं आणि त्या पुत्रावर विश्वास ठेवायचा. यात आईसाठी काही कमी करून सांगावं असं मला कधी वाटलं नाही, आणि भीती घालण्यासाठी काही वाढवूनही मी सांगितलं नाही. गणित शिकवणाऱ्या माणसाची खोड, मी ते त्रैराशिक सोडवल्यासारखं पायरीपायरीनं मांडायचो.

आई शेण गोळा करता करता सगळं ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "म्हशे, तू कुणाच्या रानात तोंड घातलंस का? न्हाय. मी बी न्हाय. मग आमी दोघींनी पस्तावा कशाचा करायचा, इच्यार की त्येला."

"पाप म्हणजे चोरीच नव्हे," मी सांगायचो. "माझ्यातही आहे. सगळ्यांत आहे. मी तुझ्यापेक्षा चांगला म्हणून बोलत नाही."

"ते तर दिसतंयच म्हणावं."

मग तिची पाळी असे. तिचंही सांगणं ठरलेलं होतं. पंच बसतील, त्यांच्यापुढं डोकं टेकावं, गोमूत्र घ्यावं, जातीला जेवण घालावं, झालं गेलं नदीला मिळालं. "त्येला म्हणावं, कावळा शिवला न्हाय. कावळ्याला तुज्यापरीस अक्कल हाय. अजून दार उघडं हाय, तवर ये माघारी." बोलता बोलता तिचा आवाज बारीक व्हायचा आणि ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहायची.

एकदा घरी आल्यावर मी बायकोला हे सगळं सांगितलं. ती जन्मापासून ख्रिस्ती. घागर फोडणं वगैरे तिनं पाहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांना एकच प्रवचन देता. वळ, नाहीतर बुडशील."

ती चेष्टेनं बोलली होती. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. आईला माझ्याइतकीच खात्री होती की आपलं माणूस नाशाला चाललंय, आणि दर रविवारी मी उठून निघालो की ती मला तसंच जाताना बघत होती.

पुढं कोल्हापुरात प्लेग आला. दरबारचा हुकूम निघाला, लोकांनी घरं सोडून रानात राहावं. बावडंही रिकामं झालं. आमच्या शेतात दादानं पाल्याच्या दोन झोपड्या घातल्या. वहिनी मुलांना घेऊन मलकापूरला माहेरी गेली. मी प्लेगची लस टोचून घेतली होती, म्हणून शाळा बंद झाल्यावर मी जमेल तसा शेतावर जायचो. रानातही मी झोपडीपासून लांब, बांधावरच बसत होतो.

एका सकाळी गेलो तर बांधावर बसायची वेळ आली नाही. दादा झोपडीबाहेर उभा होता. "काखंत गाठ आलीया," एवढंच म्हणाला. वैद्यानं काढा दिला होता, त्यासाठी लागणारा पाला आणायला तो नदीकडं निघाला होता. जाताना मला "पावणं" म्हणाला नाही. "आत बस तिच्यापाशी," म्हणाला.

आई घोंगड्यावर पडली होती. अंग तापलेलं होतं, पण डोळे शुद्धीवर होते. झोपडीत म्हैस नव्हती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि घागर फुटल्यापासून पहिल्यांदा मला म्हणाली, "बस."

मी बसलो. तीच बोलली.

"मी तुला इच्यारायची, माजं पाप कंचं. मला ठावं हुतं. मी सांगितलं न्हाय."

"राहू दे आई."

"घागर मी काढून दिली. तुजा बा म्हणला, जुनी फुटकी दे. मी म्हणलं, न्हाय, तशी चालत न्हाय. पाणी भरायची चांगली काढून दिली माज्या हातानं. पोटच्या पोराला. वाटलं, ही एवढी बाई नीट वागली म्हंजी पंच तुला लवकर माघारी घेतील." थोडा वेळ ती श्वास गोळा करत राहिली. "चुकलं माजं. माफ कर."

मी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही. मी म्हणालो, "केलं आई. केव्हाच केलं."

"मग झालं की."

तिच्या तोंडावर एवढं समाधान मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तिथं गप्प बसलो असतो तर ते तसंच राहिलं असतं. पण माझ्या समजुतीप्रमाणं ते झालेलं नव्हतं. मी तिचा मुलगा, माझ्या माफीला किती ताकद असणार! मी हळूच म्हणालो, "आई, हेच देवाला सांग. मला सांगितलंस ना, अगदी तसंच. येशूच्या नावानं सांग. तो माझ्याहून मोठ्या मनाचा आहे. तो तुला नाही म्हणणार नाही."

तिनं बराच वेळ विचार केला. झटकून टाकलं नाही, हे मला सांगितलंच पाहिजे.

"तुज्या मनासारखं मी म्हणीन," ती म्हणाली, "पर ते तुज्यासाठी म्हटल्यागत हुईल. देवाम्होरं खोटं कसं बोलू?" मग तिनं मला विचारलं, "तू म्हण की एकदा. येतो माघारी म्हण. मी सुखानं जाते."

मी तिच्या कपाळावरचा घाम पुसला. म्हणालो, "आई, मीही खोटं बोलू शकत नाही."

"व्हय," ती म्हणाली. "माजाच हायस."

थोड्या वेळानं तिला तहान लागली. तांब्या माझ्या हाताशीच होता. मी तो उचलला तशी तिनं मान वळवली. "दादाला यीऊ दे." ओठ सुकून पांढरे पडले होते. मी पुन्हा विचारलं नाही. बाहेर जाऊन नदीच्या अंगाला धावत सुटलो आणि बांधावरून दादाला हाका मारल्या. तो पाला टाकून पळत आला. त्याच्या हातून ती पाणी प्याली. मी दाराशी उभा राहून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. पंचांची दोन माणसं आली होती, म्हणून मी नदीकाठी चितेपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा राहिलो. धूर माझ्याकडं येत होता. अग्नी दादानं दिला.

पुढच्या रविवारी उपासनेपूर्वी आमच्या पाळकांनी मला बाजूला घेतलं. माणूस दयाळू, त्यांचेही डोळे भरलेले होते. त्यांनी विचारलं, शेवटी पश्चात्ताप केला होता ना, मग प्रार्थनेत तसं सांगू का, मंडळीला धीर येईल. मी त्यांना घडलं तेवढं सांगितलं. म्हणालो, तिनं माझ्यापाशी कबुली दिली, देवापाशी दिली की नाही ते मला माहीत नाही. माहीत नाही ते सांगू नका. त्यांनी फक्त शोकात असलेल्या घरासाठी प्रार्थना केली. बायकांच्या बाजूला माझी बायको रडत होती, ते मला इकडं ऐकू येत होतं.

त्या दुपारी मी सवयीनं बावड्याच्या वाटेला लागलो. दादा झोपड्या मोडून पाला पेटवत होता. मी मदतीला लागलो. सगळं जळून गेल्यावर त्यानं विचारलं, "एकदा येतो म्हणला असतास तर काय बिघडलं असतं रं? ती काय बघायला येणार हुती?"

"दादा, मी शेवटच्या क्षणी तिच्याशी खोटं बोललो असतो, तर आधी जे जे सांगत आलो ते तिनं खरं का मानावं?"

त्यानं काठीनं राख सारखी केली. "तिनं तरी कुठं मानलं?" म्हणाला. टोचून बोलला नाही. त्याला ते खरंच विचारायचं होतं.

त्यानंतर मी पुष्कळ घरी, पुष्कळ खाटांपाशी हाच संदेश सांगितला आहे. आजही सांगतो, कारण तो खरा आहे असं मी मानतो. काहींनी मानला, त्यांचा आनंद मी पाहिला आहे. पण कुणी वळला की मंडळी गाणं म्हणू लागते, तेव्हा मला ते पहिल्या कडव्यापुढं म्हणता येत नाही.